रडारची सावली

कृत्तिका वालावलकरला विंग कमांडरची बढती मिळाली त्याच महिन्यात तिची आकाश-निगराणी विभागात बदली झाली. निरोपाला स्क्वॉड्रनमधल्या मित्रांनी मोठ्या डोळ्यांच्या परग्रहवासीयाचा हिरवा केक आणला होता. तीही सगळ्यांबरोबर हसली, केकचा एक डोळा तिनं खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी पुण्याजवळच्या त्या बैठ्या इमारतीत रुजू झाली.

विभाग तिन्ही दलांचा मिळून होता. देशात कुणालाही आकाशात न ओळखता येणारं काही दिसलं की त्याचा तपास करायचा, एवढंच काम. बहुतेक प्रकरणं दुपारच्या चहापर्यंत निकालात निघत. शुक्राची चांदणी असे, वरातीतले कंदील असत, फवारणीचे ड्रोन असत, उपग्रहांची माळ असे. एकदा तर एका आमदाराच्या वाढदिवसाचा सुटलेला फुगा होता. पण थोडी प्रकरणं उरतच. त्यात सांगणारी माणसं एकमेकांना ओळखत नसत, आणि सांगत मात्र एकच: पिवळसर, मऊ उजेड, आवाज नाही, पाण्याच्या किंवा झाडांच्या अगदी वर तरंगणारा, आणि जातो तेव्हा एकदम.

या उरलेल्यांचं कोडं अर्धंमुर्धं सोडवलं ते कृत्तिकानंच.

रडार म्हणजे हाक मारणं. एक जोरदार रेडिओलहर सोडायची आणि ती कशावर तरी आपटून परत आली की समोर काहीतरी आहे असं समजायचं. पण ही लहर सरळ रेषेत जाते. वाटेत डोंगर आला की त्याच्या पलीकडे सावली पडते, दिव्यासमोर हात धरल्यावर भिंतीवर पडते तशी. त्या सावलीतून खालच्या अंगानं उडणारं काहीही रडारला दिसत नाही. प्रत्येक देशाच्या सीमेवर अशा सावल्या असतात आणि त्या नेमक्या कुठे आहेत, हे प्रत्येक देश जिवापाड लपवतो. कृत्तिकानं ती न सुटलेली प्रकरणं नकाशावर मांडली आणि त्यावर आपल्या रडारांच्या सावल्या ठेवल्या. डब्यावर झाकण बसावं तशा त्या बसल्या.

जे काही होतं, ते रडारच्या हाकेपासून लांब राहत होतं. पुढे वाळवंटातल्या एका दुरुस्तीसाठी बंद असलेल्या रडारजवळ ते आलं, तेव्हा मुद्दाम रडार सुरू करून पाहण्यात आलं. क्षणात निघून गेलं. तो प्राणी होता, यंत्र होतं, की हवेतच तयार होणारा विजेचा एखादा गोळा, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. जोराची रेडिओलहर त्याला सोसत नाही, एवढंच कळलं होतं.

शोधाचा आनंद आठवडाभर टिकला. मग त्याची दुसरी बाजू ध्यानात आली. गावोगावची माणसं 'अमुक ठिकाणी आम्हाला उजेड दिसला' असं भाबडेपणानं सांगत होती आणि नकळत संरक्षणातली भोकं जगाला दाखवत होती. हे आणखी कुणीतरी ओळखलं होतं. समुद्रातल्या एका जहाजावरून सुटलेले ड्रोन अशाच एका सावलीतून आत शिरले आणि एका तेलसाठ्यानं पेट घेतला. चौदा माणसं गेली. त्या जागच्या उजेडाचे व्हिडिओ त्याआधी वर्षभर मोबाइलवर फिरत होते.

तेव्हापासून विभागाचं काम बदललं. आता तपास करायचा तो खरं काय ते शोधण्यासाठी नाही, तर लोकांना पटेल असं खोटं कारण देण्यासाठी.

एका सोमवारी विभागप्रमुख एअर कमोडोर निंबकरांनी तिला बोलावलं आणि समोरच्या पडद्यावर एक जाहिरात दाखवली. 'खाडीवरचे उजेड. अकरा वर्षांतील निरीक्षणांचे प्रदर्शन व नकाशा. संकलन: दि. बा. वालावलकर, निवृत्त शिक्षक, भाटशिरे.'

"तुझे कोण?" निंबकरांनी विचारलं.

"वडील, सर."

"मला माहीत होतं. तू सांगतेस का ते बघत होतो." त्यांनी पडदा बंद केला. "पुढच्या महिन्यात तालुक्याला हे प्रदर्शन आहे. नकाशा सगळ्यांसाठी खुला करणार आहेत. भाटशिऱ्याची खाडी म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरची आपली सगळ्यात खोल सावली. आत वीज प्रकल्प आहे. तू जा, लोकांशी बोल आणि अधिकृत निष्कर्ष दे. हवामानाचे फुगे म्हण, होड्यांचे दिवे म्हण. प्रदर्शन हसण्यावारी गेलं पाहिजे."

"वडिलांना खरं कारण सांगू?"

"नाही."

"सर, ते ऐकणार नाहीत. ते आयुष्यभर विज्ञान शिकवत आलेत."

"म्हणून तर तुला पाठवतोय," निंबकर म्हणाले. "दुसऱ्या कुणी सांगितलेलं ते अजिबातच ऐकणार नाहीत."

*

भाटशिऱ्याला मोबाइलची रेंज नव्हती. देशात अशी गावं आता बोटावर मोजण्याइतकी उरली होती. दोन्ही बाजूंना कातळाचे उंच, सपाट माथ्याचे सडे आणि मध्ये खाडी. टॉवरची लहर इथवर उतरतच नसे. कृत्तिका एसटीतून उतरली तेव्हा वालावलकर सर थांब्यावर उभे होते. बायको गेल्यापासून ते एकटेच राहत. त्यांनी लेकीची बॅग हातात घेतली.

"किती दिवसांची रजा?"

"रजा नाही बाबा. कामासाठी आलेय. तुमच्या उजेडांच्या."

सर वाटेतच थांबले. तीन वर्षं दर रविवारी घरच्या लँडलाइनवरून ते या उजेडांबद्दल विचारत आणि ती दरवेळी विषय बदलत असे. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

"बरं," ते म्हणाले. "कुळथाची पिठी केलीय. आधी जेव."

जेवताना ते बोलत राहिले. कुणी काय पाहिलं, कुठून पाहिलं, भरती होती की ओहोटी, वारा कुठला होता. कृत्तिका मान डोलवत होती. घास तिच्या तोंडात फिरत होता. आपण या माणसाला खोटं ठरवायला आलोय आणि तो आपल्या ताटात तूप वाढतोय, हे तिला बघवत नव्हतं.

संध्याकाळी सरांनी शेवंती तारीला बोलावून घेतलं. शेवंती तिशीची. खाडीच्या या काठावरून त्या काठावर माणसं नेण्याची होडी चालवायची. नवरा वारल्यावर होडी तिच्याकडे आली होती. ती ओट्यावर टेकली, कृत्तिकाकडे नीट पाहून घेतलं आणि विचारलं, "तुमी सरकारी मां?"

"हो."

"मगे सगळा सांगतंय. पण माका हसू नकात. हसणारे हय खूप आसत."

तिनं सांगितलं ते असं. मागच्या वैशाखात तिन्हीसांजेला ती रिकामी होडी घेऊन परतत होती. खाडीच्या मधोमध इंजिन बंद पडलं. ती खटपट करत असताना समोर पाण्यावर उजेड आला. लोक म्हणतात तशी गावाच्या राखणदाराची, देवचाराची चूड, म्हणजे मशाल असावी असं वाटून तिनं हात जोडले. उजेड जवळ आला, इतका जवळ की तिच्या हातावरची लव तिला दिसली. भीती वाटली नाही.

"आणि मगे?"

"मगे मोबाईल वाजलो."

कृत्तिका सावरून बसली. "इथं रेंज कुठाय?"

"मधी खाडीत कदी कदी येता. एक कोनो आसा, थय डोंगर फाटता. होडी व्हावत थय गेली आसतली. मोबाईल वाजलो आणि ता गेला. असा, फुकर मारल्यासारख्या." तिनं हवेत फुंकर मारून दाखवली.

 तो उजेड रेडिओलहरीला बुजतो ही गोष्ट विभागाबाहेर कुणालाही ठाऊक नव्हती. हे कुणी रचून सांगू शकत नव्हतं. समोरची बाई अक्षरन् अक्षर खरं बोलत होती.

"तुमी लिवन द्या," शेवंती म्हणाली. "शेवंतीक भास झालो नाय म्हणान. बाकी माका काय नको."

ती गेल्यावर सरांनी बाकीचं सांगितलं. तिनं ही गोष्ट चार माणसांत सांगितली आणि तिच्या दिरानं, भिकाजीनं ती पकडली. वहिनीला बाधा झालीय, ती हवेशी बोलते, असं म्हणत त्यानं तिच्या सात वर्षांच्या मुलीला, कस्तुरीला, मालवणला आपल्या घरी नेलं. आता मुलीच्या ताब्याचा खटला तालुक्याच्या कोर्टात चालू होता. आई डोक्यानं ठीक नाही, एवढंच भिकाजीच्या वकिलाला सिद्ध करायचं होतं.

"भिकाजीला होडी हवीय," सर म्हणाले. "मुलगी हातात असली की होडीही येईल. त्या संध्याकाळी खाडीच्या दोन्ही काठांवरून सतरा जणांनी तो उजेड पाहिलाय. मी एकेकाकडे जाऊन बसलो. बोलायला कुणी तयार नव्हतं, लोक वेडं म्हणतील म्हणून. आता सगळे कोर्टात यायला तयार आहेत. त्यात तुझ्या खात्याचा कागद मिळाला, तर मग बघायलाच नको."

कृत्तिकानं दुपारची राहिलेली ताटं उचलली आणि मोरीत जाऊन बराच वेळ घासत बसली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी बापलेक सड्यावर गेले. वर नुसता काळाकरडा कातळ, मधूनच करवंदीची जाळी. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाली खाडीची वळणं.

"बाबा, प्रदर्शन पुढे ढकला."

"किती दिवस?"

"करूच नका."

सर चालता चालता थांबले. "का?"

"आमचा निष्कर्ष वेगळा येईल. फुगे होते, असा. तुमचं हसं होईल."

"कसले फुगे? वाऱ्याविरुद्ध जाणारे?" ते चिडले नव्हते. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं. ती उत्तर देईना, तशी त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग समुद्राकडे, मग खाडीकडे. वर्गात फळ्याकडे पाठ करून उभे राहत तसे ते काही वेळ उभे राहिले.

"माझे सगळे ठिपके खाडीच्या आत आहेत," ते हळूहळू बोलू लागले. "बाहेर, बंदराच्या बाजूला एकही नाही. तिथं तर दहापट माणसं असतात. मी समजत होतो, तिथल्या दिव्यांमुळे दिसत नसेल." ते उत्तरेकडे वळले. "रत्नागिरीकडून तुमचं रडार इकडे बघतं. दुसरं गोव्याकडून. आणि मधे हा डोंगर."

"बाबा, मी काही बोललेले नाही."

"हो ना. चोरी सापडली की पोरं अशीच गप्प बसायची."

ते कातळावर बसले. आपण काय करत होतो ते त्यांना आता कळलं आणि त्यांचा चेहरा उतरला. तेलसाठ्याच्या आगीची बातमी त्यांनीही वाचली होती. ती कुणामुळे लागली, कशी लागली, हे तिनं सांगायची गरज पडली नाही.

"माझं सोड," ते म्हणाले. "मी उद्या जाहीर करतो, म्हाताऱ्याला डोळ्यांनी दगा दिला. लोक चार दिवस हसतील. पण शेवंतीचं काय? तुमचा कागद भिकाजीचा वकील कोर्टात फडकवेल. सरकार म्हणतंय आकाशात काही नव्हतं, मग हिनं काय पाहिलं? पोर गेली तिची."

"तिकडे चौदा माणसं गेली, बाबा."

"मला माहीत आहे."

"मग मी काय करू?"

सरांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "भोक बुजवता येत नाही म्हणून माणसांची तोंडं बुजवायची? हे शिकवलं तुम्हाला? भोक बुजवा."

 घरी आल्यावर तिला एके ठिकाणी बसवेना. अंगणातून परसात, परसातून अंगणात तिच्या फेऱ्या चालल्या होत्या. भोक बुजवणं काही अवघड नव्हतं. ट्रकवर बसवलेली फिरती रडारं होती. त्यातलं एक या सड्यावर आणून उभं केलं की सावली संपली. इतकी साधी गोष्ट निंबकरांना सुचली नसेल, हे शक्य नव्हतं.

ती गाडी करून बंदराकडे, रेंज असलेल्या जागी गेली आणि तिनं निंबकरांना फोन लावला. बोलणं सांकेतिक लाइनवर होतं. निंबकरांनी तिचं सगळं ऐकून घेतलं.

"रडार आलं की ते जाईल," ते म्हणाले. "समजतंय ना? संपूर्ण देशात ते माणसाच्या इतक्या जवळ फक्त तिथं येतं. शास्त्रज्ञांचं पथक तयार होतंय. दोन वर्षांत आपल्याला कळेल ते काय आहे. जगात पहिल्यांदा."

"म्हणजे ती सावली मुद्दाम ठेवलीय?"

"काही काळासाठी."

"आत वीज प्रकल्प आहे, सर. आणि वीस हजार माणसं."

"म्हणून तर ती जागा कुणाला कळता कामा नये."

तिला आता सगळं समजलं. लोकांना वेडं ठरवायचं होतं ते लोकांच्या सुरक्षिततेसाठी नव्हतं. त्या उजेडासाठी लावलेल्या पिंजऱ्याचं दार उघडं राहावं म्हणून होतं. आणि यात सगळ्यात वाईट हे की निंबकरांचं म्हणणं तिला आतून हवंहवंसं वाटत होतं. ते काय आहे हे कळावं म्हणून तिनं तीन वर्षं घातली होती. हातातोंडाशी आलेला घास होता.

तिनं परत येऊन वडिलांना एवढंच सांगितलं, "रडार आलं तर उजेड पुन्हा कधी दिसणार नाही."

सर खाडीकडे बघत राहिले. "मी अजून पाहिलेला नाही, माहितीये तुला?"

तिला माहीत नव्हतं.

"अकरा वर्षं. दरवेळी मी पोचायच्या आत जातो. दोनशे माणसांनी पाहिला, मी नाही." ते थोडं हसले. "तुझ्या साहेबांना माझा निरोप सांग. रडार आणा, तोवर नकाशा माझ्या कपाटात राहील. नाही आणलंत तर प्रदर्शनाच्या दिवशी भिंतीवर लागेल."

तिनं बंदरावरून पुन्हा फोन लावून निरोप जसाच्या तसा सांगितला. निंबकरांनी विचारलं, "तुझे वडील मला धमकी देतायत?"

"नाही सर. ते शिक्षक आहेत. मुदत देतायत. आणि फुग्यांच्या निष्कर्षावर मी सही करणार नाही."

"याचा अर्थ कळतो ना तुला?"

"हो, सर."

*

ट्रक घाटी चढून सड्यावर आले तेव्हा अर्धा गाव बघायला जमला होता. जवानांनी कातळात खुंट ठोकले, रडारचा जाळीदार पंखा उभा केला, वायरी अंथरल्या. निंबकरांनी शेवटी माघार घेतली होती, पण एक अट घातली होती. रडार चालू करण्यापूर्वी काही दिवस तिथं 'कानोसा' बसवायचा.

कानोसा हे त्यांच्या यंत्राचं विभागातलं लाडाचं नाव. ते स्वतः लहर सोडत नसे. रेडिओ-टीव्हीच्या केंद्रांच्या ज्या मंद लहरी हवेत आधीच असतात, त्या कशावर तरी आपटून येतात का, एवढंच ते ऐकत असे. रडार हाक मारतं, कानोसा नुसता कान लावून बसतो. त्यामुळे उजेड त्याला बुजत नसे. पण समोर काहीतरी आहे, यापलीकडे कानोशाला फारसं कळतही नसे. त्याच्या भरवशावर कुठलंही ड्रोन पाडता आलं नसतं.

चौथ्या संध्याकाळी सूर्य नुकताच बुडाला होता. कृत्तिका ट्रकवरच्या बिनखिडकीच्या केबिनमध्ये होती. कानोशासमोर बसलेल्या सार्जंट भोईट्यांनी कानावरचा हेडफोन सारखा केला.

"मॅडम. खाडीवर काहीतरी आहे."

पडद्यावर एक अस्पष्ट ठिपका उमटला होता. जेट्टीच्या जवळ, पाण्याच्या किंचित वर. हलत नव्हता. कृत्तिका पडद्याकडे झुकली. दाराबाहेर चार पावलांवर गेलं असतं तर खाली तो दिसला असता. पण तिला पडद्यासमोरून उठता येत नव्हतं.

तिनं बंदराहून ओढून आणलेल्या तारेच्या फोनवरून निंबकरांना कळवलं. त्यांचा आवाज बदलला. "हात लावू नकोस कशाला. पथक गोव्याहून हेलिकॉप्टरनं निघतंय. तासभर थांब."

"मॅडम," भोईटे म्हणाले, "आणखी एक."

दुसरा ठिपका समुद्राच्या बाजूनं खाडीच्या तोंडातून आत येत होता. पाण्याला लागून, सरळ रेषेत.

"हाही तसलाच?"

"सांगता येत नाही. कानोशाला दोन्ही सारखेच. पण हा चाललाय, मॅडम. प्रकल्पाच्या दिशेनं."

"सर, दुसरा प्रतिध्वनी आहे," ती फोनवर म्हणाली. "समुद्राकडून, खालून. ओळखण्यासाठी रडार चालू करावं लागेल."

"तसलाच दुसरा असेल. थांब म्हणतोय ना मी."

"आणि नसेल तर?"

 ठिपका पहिलं वळण ओलांडून आत आला. पहिला ठिपका जिथल्या तिथं होता, कुणाची वाट बघत असल्यासारखा.  आयुष्यात पुन्हा ही वेळ येणार नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

"भोईटे, सुरू करा."

"मॅडम, साहेबांनी..."

"आदेश माझा आहे. सुरू करा."

खालून जनरेटरचा आवाज चढला. पंखा फिरला. कानोशावरचा पहिला ठिपका त्याच क्षणी नाहीसा झाला. सरकला नाही, विरला नाही. होता आणि नव्हता. रडारच्या पडद्यावर मात्र दुसरा ठिपका लख्ख उमटला: उंची, वेग, आकार, सगळं. भोईट्यांनी आकडे वाचले आणि खुर्चीत मागे टेकले.

"मासेमारीचा ड्रोन आहे, मॅडम. बांगडा कुठाय ते बघायला ट्रॉलरवाले सोडतात तो. बघा, परत फिरला."

 फोनवरून निंबकरांचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मग त्यांनी फोन ठेवला.

*

ती खाली जेट्टीवर गेली तेव्हा लोक अजून पांगले नव्हते. सगळे एकदम बोलत होते. शेवंती होडीच्या काठावर बसली होती आणि सगळ्यांकडे बघत होती. सर पायरीवर एकटेच होते. कृत्तिका त्यांच्या शेजारी बसली.

"पाहिलात?"

"पाहिला." ते अजून पाण्याकडेच बघत होते. "मग गेला. तू चालू केलंस?"

"हो. समुद्राकडून काहीतरी येत होतं."

"काय होतं?"

"मासे शोधायचा ड्रोन."

 ती त्यांच्या रागाची वाट बघत होती. राग आला असता तर बरं झालं असतं.

"तुला आधी कसं कळणार," ते शेवटी म्हणाले. "पण कृती, माझी साक्ष धरू नकोस हं. मला तो इतका बघायचा होता, की माझ्यावर कुणी विश्वास ठेवू नये. बाकीच्यांची नावं घे."

तिनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. किती वर्षांनी, ते तिलाही आठवलं नाही.

विभागातून तिला काढलं जाणार हे ठरलेलंच होतं. चौकशी बसली, तीन अधिकाऱ्यांनी तिला तेच तेच प्रश्न विचारले, तिनं तीच तीच उत्तरं दिली. आदेश मोडला, हे खरं. तसं का केलं, हेही कागदावर आलं. बंगालच्या एका तळावर तिची बदली झाली. निंबकरांनी मात्र एक गोष्ट केली आणि ती का केली हे कधी सांगितलं नाही. भाटशिऱ्याची सावली आता सावली उरली नव्हती, तेव्हा त्या संध्याकाळच्या कानोशाच्या नोंदीवरचा गुप्ततेचा शिक्का त्यांनी काढला आणि कृत्तिकाला साक्षीची परवानगी दिली.

किनाऱ्यावरून येणारे उजेडांचे अहवाल थांबले होते. बंगालला गेल्यावरही ती संध्याकाळी बाहेर पडली की आकाशाकडे न बघण्याचा प्रयत्न करायची. जमायचं नाही. जिथं जिथं लहर पोचत नाही, अशा जागा तिच्या डोक्यात आपोआप उमटत आणि त्या वर्षागणिक कमी होत होत्या. सगळीकडे हाका. शेवटची शांत जागाही बुजली की ते कुठे जाणार होतं? या प्रश्नाचं उत्तर शोधणं आता तिचं काम नव्हतं. पण प्रश्न तिला सोडत नव्हता.

कोर्टाच्या तारखेला ती बंगालहून आली. गणवेश घातला आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली. शेवंती समोरच्या बाकावर होती. तिच्या मागे भिकाजी, आणि त्याच्या शेजारी दोन वेण्या घातलेली कस्तुरी.

भिकाजीचा वकील चलाख होता. कानोशाच्या नोंदीला त्यानं हात लावला नाही. तांत्रिक गोष्टी मला कळत नाहीत, असं हसून म्हणाला आणि थेट मुद्द्यावर आला.

"विंग कमांडर, तुम्ही या उजेडांचा तीन वर्षं तपास केलात. रडार सुरू केलंत त्या संध्याकाळी तुम्ही भाटशिऱ्यातच होतात. तुम्ही स्वतः, तुमच्या डोळ्यांनी, तो उजेड कधी पाहिलात का?"

"नाही."

"एकदाही नाही?"

"नाही."

"वैशाखात सतरा जण म्हणतात पाहिला. जमाव काहीही पाहतो. तुमच्यासारख्या जबाबदार अधिकाऱ्यानं पाहिलेला नाही. तो काय होता हेही तुम्हाला सांगता येत नाही. मग शेवंती तारीला भास झाला नव्हता, हे तुम्ही कशाच्या जोरावर म्हणता?"

कृत्तिकानं त्याच्याकडे नाही, न्यायाधीशांकडे पाहिलं.

"कारण तो मी घालवला," ती म्हणाली. "तिथं जे नव्हतं, ते मला घालवता आलं नसतं."

 न्यायाधीशबाईंनी लेखनिकाला वाक्य जसंच्या तसं घ्यायला सांगितलं, मग चष्म्यावरून कस्तुरीकडे पाहिलं आणि तिला आईजवळ जाऊन बसायला सांगितलं.